मराठवाड्याच्या उन्हातले शहाळे

परभणी तालुक्यातील पेडगाव हे परभणी–मनमाड लोहमार्गावरचे गाव असून, ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारामुळे सर्वांच्या तोंडी झालेले श्रीगोंदा तालुक्यातील भीमाकाठचे पेडगाव ते हे नव्हे. परभणी परिसरात मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नेहमीची बाब समजली जाते. याच अक्षांशावरील अरबी समुद्राचा किनारा येथून सुमारे ४०० किलोमीटर दूर असल्यामुळे, उन्हाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा फारसा लाभ या भागाला होत नाही आणि दुपारची हवा तापलेली तशीच अत्यंत कोरडी असते. नारळ हे दमट किनारपट्टीचे झाड असल्याने मराठवाड्यात ते विहिरीच्या कडेला किंवा एखाद्या अंगणातच दिसते, पण उन्हाळा लागला की परभणीसारख्या शहरांतील रस्त्यांच्या कडेला शहाळ्यांचे ढीग उभे राहतात. दूरच्या प्रदेशातून येणाऱ्या या फळाचे पाणी मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात नेमके किती उपयोगी पडते, त्याला स्थानिक फळांची जोड दिल्यास काय साधते आणि तरीही काय उणे राहते, हे समजून घेतले म्हणजे घरच्या घरी एक उत्तम उन्हाळी पेय तयार करता येते.

कोरड्या हवेतील घाम

हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारणपणे ३५ अंशांपेक्षा, वाढले की शरीर आपली उष्णता हवेला देऊ शकत नाही. उलट हवेतील उष्णताच शरीरात शिरू लागते. अशा वेळी शरीर थंड राखण्याचा घाम हाच मुख्य उपाय उरतो. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेतो आणि एवढी उष्णता गेल्यामुळे त्वचा व तिच्याखालून वाहणारे रक्त थंड होते. कोकणातील दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, तो अंगावरून ओघळतो आणि माणसाला आपण घामाघूम झाल्याचे जाणवते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत मात्र घाम येताक्षणी सुकून जातो, त्यामुळे शेतात काम करणाऱ्याचे अंग कोरडे वाटत असतानाही तासाला अर्धा ते एक लिटर पाणी शरीराबाहेर गेलेले असू शकते. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर उमटलेले पांढरे पट्टे ही त्या न दिसलेल्या घामाची खूण असते, कारण पाणी उडून गेले तरी त्यातील मीठ कापडावर राहते.

या पांढऱ्या पट्ट्यांकडे लक्ष देणे महत्त्वाचे आहे. घामात सोडियम व क्लोराइड हे मिठाचे दोन घटक प्रामुख्याने असतात. व्यक्ती, ऋतू आणि कामाची सवय यांनुसार प्रमाण बदलत असले, तरी एक लिटर घामातून साधारणपणे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाते, तर पोटॅशियम त्या मानाने थोडे, म्हणजे ग्रॅमच्या पाव भागाच्या आसपासच जाते. पाण्यात विरघळल्यावर विद्युतभारित कणांत विभागल्या जाणाऱ्या अशा क्षारांना इलेक्ट्रोलाइट म्हणतात. पेशींच्या आत-बाहेर पाण्याचा समतोल राखणे, मज्जातंतूंचे संदेश वाहून नेणे आणि स्नायूंचे आकुंचन-प्रसरण घडवणे ही कामे त्यांच्यावर अवलंबून असतात. खूप घाम गेल्यानंतर केवळ साधे पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, त्यामुळे शरीराची झीज पुरती भरून निघण्याआधीच तहान शमते आणि प्यायलेल्या पाण्यापैकी बराचसा भाग मूत्रावाटे निघून जातो.

जुन्या पेयांतील मीठ

हे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वीच मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात व्यवहारात उतरलेले होते. येथील उन्हाळी पेये पाहिली तर त्यांच्यात एक समान सूत्र आढळते. ताकात मीठ आणि जिरेपूड असते. ज्वारीचे पीठ भिजवून, आंबवून व शिजवून केलेल्या आंबिलीत ताक आणि मीठ असते. कैरी उकडून केलेल्या पन्ह्यात गुळाबरोबर मिठाचीही चिमूट पडते. आणि लिंबाच्या सरबतात साखर घातली तरी मीठ घातल्याशिवाय त्याला चव येत नाही, असे प्रत्येक गृहिणी मानते. आंबट आणि खारट या दोन चवी या सर्व पेयांत आहेत आणि त्यांच्या सोबतीला कोठे गूळ, कोठे साखर, तर कोठे धान्यातील पिष्ट आहे. केवळ गोड असे पेय कष्टकऱ्याच्या न्याहारीबरोबर सहसा दिले जात नाही. शहाळे मात्र बाहेरून आलेले असल्याने या सूत्रात बसवले गेले नाही. ते फोडून तसेच पिण्याचीच पद्धत येथे रूढ झाली, आणि नेमकी तेथेच सुधारणेला जागा आहे.

शहाळ्यात काय असते

नारळाचे पाणी म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत द्रवरूप भ्रूणपोष, म्हणजेच बीजातील कोवळ्या अंकुरासाठी झाडाने साठवलेले अन्न होय. फळ धरल्यापासून नारळ पूर्ण पक्व होण्यास सुमारे १२ महिने लागतात. साधारण सहाव्या महिन्यापासून करवंटीच्या आतील बाजूस मलईचा, म्हणजे कोवळ्या खोबऱ्याचा, थर बसू लागतो. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान पाणी भरपूर आणि सर्वांत गोड असते. त्यानंतर खोबरे जाड होत जाते, पाणी कमी होते आणि त्याची गोडीही उतरते. म्हणूनच शहाळे निवडताना ते कानाजवळ हलवून पाहण्याची रीत योग्य ठरते. आत पाणी खळखळले तर पोकळी निर्माण झाली असून फळ जून होऊ लागले आहे असे समजावे, आणि आवाज न करणारे, आकाराच्या मानाने जड लागणारे शहाळे पाण्यासाठी घ्यावे.

महाराष्ट्रात रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी या पिकावर दीर्घकाळ काम केले आहे आणि कोकणात ‘बाणवली’ ही उंच जात सर्वत्र प्रचलित आहे. तथापि राज्याच्या अंतर्भागातील शहाळ्यांची मोठी गरज दक्षिणेकडील राज्ये भागवतात. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील मद्दूर ही शहाळ्यांची देशातील एक प्रमुख बाजारपेठ असून, तेथून तसेच तमिळनाडूतील पोल्लाची परिसरातून मालमोटारींनी शहाळी दूरदूर जातात. अनेक दिवसांच्या या प्रवासात फळाचे पाणी टिकते, कारण न फोडलेल्या नारळाच्या आत ते जंतुरहित असते.

या पाण्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. जात आणि वय यांनुसार १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३ ते ५ ग्रॅम साखर, सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि थोडे मॅग्नेशियम व कॅल्शियम असते, तर सोडियमचे प्रमाण २० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते. घामाच्या घटकांशी हे आकडे ताडून पाहिले म्हणजे खरी गोष्ट ध्यानात येते. घामातून जे थोडे जाते ते पोटॅशियम शहाळ्यात एका लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे गरजेच्या कितीतरी पट असते. आणि घामातून जे सर्वांत जास्त जाते ते सोडियम शहाळ्यात बहुधा अपुरे पडते. शहाळे तहान भागवते, पोटाला सोसते आणि बाटलीबंद शीतपेयांच्या मानाने त्यात साखर निम्म्याहून कमी असते, हे त्याचे गुण निर्विवाद आहेत. पण उन्हात राबून आलेल्या माणसासाठी ते स्वयंपूर्ण पेय नाही.

मीठ आणि साखर यांची जोडी

मिठाबरोबर थोडी साखर का हवी, याचे उत्तर लहान आतड्याच्या रचनेत आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशींवर काही प्रथिने अशी असतात की ती ग्लुकोज या साध्या शर्करेला आणि सोडियमला एकत्रच आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० मध्ये मांडली. पुढे १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर तोंडावाटे देऊन असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनणाऱ्या जलसंजीवनीच्या एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सोडियमचे सायट्रेट असते. शहाळ्याचे पेय हे जुलाबावरील या औषधाची जागा घेऊ शकत नाही, परंतु साखर व मीठ एकत्र असावे हे त्यामागील तत्त्व उन्हाळी पेयालाही लागू पडते.

जोडीला कोणते फळ

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या वाहतात, आणि पाणी ओसरल्यावर नदीपात्राच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावण्याची परंपरा अशा नद्यांच्या काठी जुनी आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कलिंगड म्हणतात, ते मराठवाड्यात टरबूज या नावाने विकले जाते. आता ठिबक सिंचन आणि प्लास्टिकचे आच्छादन यांच्या साहाय्याने काळ्या जमिनीतही टरबुजाचे पीक घेतले जाते. या फळात सुमारे ९२ टक्के पाणी आणि ६ टक्क्यांच्या आसपास नैसर्गिक साखर असून, त्याला लाल रंग देणारे लायकोपीन हेच रंगद्रव्य टोमॅटोतही असते.

दुसरे फळ मोसंबी. जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले असून लगतच्या परभणी जिल्ह्यातही तिच्या बागा आहेत. झाडाला फुलोरा येण्याच्या हंगामाला बहार म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या मृग बहाराची फळे मार्च-एप्रिलच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या प्रारंभी, काढणीस येतात. मोसंबीतून क जीवनसत्त्व मिळते, पण तिचा रस ठेवून दिला की कडवट होतो, कारण बी, साल आणि पांढऱ्या तंतूंतून रसात उतरलेल्या एका पूर्वघटकापासून आम्लतेमुळे हळूहळू लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. म्हणून मोसंबी हलक्या हाताने पिळावी, बिया चिरडू नयेत आणि रस लगेच वापरावा.

खरबुजाचा गर सुवासिक असतो आणि पेयाला दाटपणा देतो, तर उकडलेल्या कैरीचा गर वापरल्यास शहाळ्याचे पन्हेच तयार होते. फळ कोणतेही घेतले तरी पिकलेले घ्यावे, म्हणजे वरून साखर घालावी लागत नाही.

पेयाची कृती

चार जणांना पुरेल इतके, म्हणजे सुमारे एक लिटर पेय करण्यासाठी दोन मध्यम शहाळ्यांचे साधारण ६०० मिलिलिटर पाणी, बिया काढलेला ४०० ग्रॅम टरबुजाचा गर, दोन लिंबांचा रस, पाव चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिन्याची आठ-दहा पाने घ्यावीत. शहाळी फोडण्यापूर्वी काही तास थंड जागी ठेवावीत. शीतकपाट नसेल तर ती ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत वाऱ्याला ठेवावीत, कारण ज्या कोरड्या हवेमुळे घाम झटपट सुकतो तीच हवा गोणपाटातील पाणी वेगाने उडवून फळाला गारवा देते. टरबुजाचा गर मिक्सरमधून केवळ काही क्षण फिरवावा. तो फार वेळ फिरवल्यास फेस येतो, आणि राहून गेलेल्या बिया भरडल्या जाऊन चव बिघडते. गर जाड गाळणीतून गाळून किंवा तसाच शहाळ्याच्या पाण्यात मिसळावा, त्यात मीठ, जिरेपूड आणि हाताने चुरडलेला पुदिना घालून ढवळावे आणि लिंबाचा रस सर्वांत शेवटी पिळावा. गर तळाशी बसत असल्यामुळे पेल्यात ओतण्यापूर्वी पेय पुन्हा ढवळणे आवश्यक असते.

मोसंबीचे पेय करायचे असल्यास टरबुजाऐवजी चार ते पाच फळांचा रस घ्यावा आणि लिंबू निम्मे करावे. शहाळ्यातील कोवळी मलई याच पेयात वाटून घातल्यास ते दाट व पोटभरीचे होते, परंतु मलईतील स्निग्धांशामुळे ते पचायला थोडे जड होते, म्हणून कष्टाच्या कामाच्या मध्यंतरात मलईविरहित पेय अधिक योग्य ठरते. पाण्यात पंधरा-वीस मिनिटे फुगवलेला सब्जा आवडीप्रमाणे घालता येतो. त्याच्या बियांभोवती तयार होणारे बुळबुळीत आवरण पेयाला दाटपणा देते.

पाव चमचा मीठ म्हणजे सुमारे दीड ग्रॅम मीठ आणि त्यातून अंदाजे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. शहाळ्यातील सोडियमची त्यात भर पडली की पेयातील प्रमाण घामातील प्रमाणाच्या जवळ जाते आणि तरीही चव खारट होत नाही. साध्या मिठाऐवजी सैंधव वापरण्यास हरकत नाही, मात्र तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्यामुळे या बाबतीत त्याचा वेगळा लाभ होत नाही. पेयातील एकूण साखर सुमारे ५ टक्के राहते. याउलट, फळप्रक्रियेच्या व्यवसायात ‘रेडी टू सर्व्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाटलीबंद फळपेयांत विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, जे बहुतांशी साखरेचेच असते, किमान १० टक्के असावे असा दंडक आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयासारख्या संस्थांत हे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने कसे मोजावे याचे शिक्षण दिले जाते. साखर टिकाऊपणासाठी आणि चवीसाठी वाढवली जाते. घरच्या ताज्या पेयाला यांपैकी पहिल्या कारणाची गरजच नसते.

स्वच्छता आणि वेळ

शहाळ्याचे पाणी फोडेपर्यंत निर्जंतुक असले, तरी कोयत्याचे पाते, पेला आणि हात यांच्याद्वारे जंतू त्यात शिरतात, आणि साखर असलेल्या व आम्लता कमी असलेल्या या पाण्यात ते झपाट्याने वाढतात. त्यातील एंझाइमांचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा, हवेशी संबंध आल्यावर पाण्याला गुलाबी छटाही येऊ शकते. लिंबामुळे आम्लता वाढून जंतूंची वाढ मंदावते, पण त्यामुळे पेय टिकाऊ होते असे मानू नये. ते शक्य तो लगेच प्यावे आणि शीतकपाटात ठेवले तरी त्याच दिवशी संपवावे. टरबूज कापण्यापूर्वी त्याची साल वाहत्या पाण्याखाली धुवावी, कारण सालीवरील माती सुरीबरोबर गरात जाते. ठेल्यावर कापून उघडी ठेवलेली फळे टाळावीत. बर्फाच्या बाबतीतही सावधगिरी हवी: मासे व इतर माल थंड ठेवण्यासाठी बनणारा अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळसर रंगाचा करण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ पासून घालण्यात आले आहे, त्यामुळे रंगीत झाक असलेला बर्फ पेयात कधीही घालू नये. सोललेले किंवा छिद्र पाडलेले शहाळे बाहेर ठेवून नंतर पिणे धोक्याचे असते; डेन्मार्कमध्ये घरी साधारण तापमानात महिनाभर ठेवलेल्या अशा नारळातील बुरशीच्या विषाने एका व्यक्तीचा मृत्यू झाल्याची वैद्यकीय नोंद आहे.

शहाळ्यातील भरपूर पोटॅशियम निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या किंवा रक्तदाब व हृदयविकारावरील काही औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात ते साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे पेय घेऊ नये. मधुमेहींनी फळातील साखरेचा आणि उच्च रक्तदाब असलेल्यांनी मिठाचा हिशेब ठेवावा. दिवसभर सावलीत बसून काम करणाऱ्याला तर वरून मीठ घालण्याची मुळात आवश्यकताच नसते. उष्माघात ही याहून निराळी व गंभीर अवस्था असून, तीत शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध होतो. अशा रुग्णाच्या तोंडात कोणतेही पेय ओतणे घातक ठरू शकते. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दूरवरून येणारे शहाळे रोज घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडणारे नसते, विशेषतः ज्यांचा घाम सर्वांत जास्त गळतो त्या शेतमजुरांना ते कमीच परवडते. त्यांच्यासाठी मीठ घातलेले ताक, आंबील किंवा गुळाचे पन्हे हेच काम तितक्याच समर्थपणे करते, कारण उपयोग एखाद्या विशिष्ट फळात नसून पाणी, मीठ आणि थोडी साखर किंवा धान्य यांच्या योग्य मेळात आहे. पेडगावसारख्या गावात शहाळे घरी आले तर त्याला टरबूज, लिंबू आणि चिमूटभर मिठाची जोड द्यावी, आणि ते आले नाही तर माठातल्या ताकाला कमी लेखू नये.